‘पंचवीस’ सांगितलं की मूल ‘५२’ का लिहितं? घरी गणित घेण्याआधी हे वाचा

पहिली-दुसरीतल्या मुलाला तुम्ही ‘पंचवीस’ लिहायला सांगता आणि ते ५२ लिहितं. पुन्हा सांगता, पुन्हा ५२. तिसऱ्या वेळी घरातल्या कुणाचा तरी आवाज चढतो. खरं तर मूल ऐकतं तेच लिहीत असतं. आधी ‘पंच’, मग ‘वीस’. मराठीत एकक आधी ऐकू येतं, कागदावर मात्र दशक आधी लिहावं लागतं.

कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’, तेलुगूत ‘इरवै ऐदु’. दोन्हीकडे वीस आधी, पाच नंतर. इंग्रजीतही ‘ट्वेंटी फाइव्ह’. मोबाइल नंबर सांगताना अस्सल मराठी माणूसही इंग्रजी आकड्यांवर का घसरतो, याचं एक कारण इथे सापडेल.

‘वीस एक’चा वाद आठवतोय?

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं. मीम्स झाले, विधानसभेत टोलेबाजी झाली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे मुलं अडखळतात. जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हती, दोन्ही पद्धती होत्या. पण वाद भाषेच्या अस्मितेवर गेला आणि पोराची अडचण वहीतच राहिली.

‘एकोण’ची भानगड

एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी. मुलाला ऐकू येतो ‘तीस’ आणि लिहायचा असतो २! म्हणून २९ ऐवजी ३९ लिहिलं जातं. हा नियम एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो. मुलाला हे गुपित सांगितल्यासारखं सांगा, मजा वाटते.

मग घरी करायचं काय?

१ ते १०० दहा वेळा लिहून घेणं आधी थांबवा. त्यात मूल आकड्यांचे नुसते उभे रकाने भरतं, संख्या डोक्यात जात नाही.

दहा रुपयांच्या काही नोटा आणि रुपयाची वीसेक नाणी काढा. ‘पंचवीस रुपये दे’ म्हणा. मूल दोन नोटा आणि पाच नाणी ठेवेल. आता तेच मोठ्याने म्हणायचं: ‘वीस आणि पाच, पंचवीस’. मग लिहायचं: नोटा डावीकडे, नाणी उजवीकडे. बावन्न मागितले की पाच नोटा लागतात, हे हाताला कळलं की २५ आणि ५२ मधला फरक वेगळा समजवावा लागत नाही. नोटा नसतील तर काड्या आणि रबरबँड घ्या, दहाचा एक गठ्ठा.

हातचाही इथेच सुटतो. ३८ आणि २५ ची बेरीज घ्या. नाणी झाली तेरा. त्यातली दहा तुम्हाला देऊन मुलाने एक नोट घ्यायची. उरली तीन नाणी, नोटा झाल्या सहा. उत्तर ६३. ती बदलून घेतलेली नोट म्हणजेच हातचा. वजाबाकीत उलटं, नोट मोडून सुटे घ्यायचे. ‘हातचा एक’ हे नुसतं पाठ करून घेतलं की मूल तो कुठेही मांडतं.

बोटांवर मोजत असेल तर मोजू द्या. पेरांवर हिशेब करणारी आजी घरात असेल तर तिच्या शेजारी बसवा. पाढे थोडे थांबले तरी चालतील.

रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. सुरुवातीच्या इयत्तांत आकडे उलटे लिहिणं सर्रास दिसतं, त्यामुळे लगेच कसलाही शिक्का मारू नका. तिसरी संपत आली आणि नोटा-नाणी समोर असूनही मोजताना गोंधळ होत असेल, तर मात्र वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटा आणि मूल नेमकं कुठे अडतं ते दोन-तीन उदाहरणांसह दाखवा.