ताप नाही, मग रक्त कशाला?

सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतून खारघरला, टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर रुग्णालयात जायचं म्हणजे पहाटेची एसटी, मुरबाड, कल्याण, तिथून लोकल आणि ठाण्याला बदलून पनवेल गाडी. अख्खा दिवस मोडतो. म्हणून बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट झालेल्या पेशंटच्या घरी हे ऐकू येतंच: "ताप नाही, जेवतोय नीट. या आठवड्याला राहू दे."

गैरसमज : विषाणू असेल तर ताप येईलच.
वस्तुस्थिती : ताप आणते ती प्रतिकारशक्ती, आणि इथे तीच औषधांनी दाबलेली असते. सायटोमेगॅलो विषाणू, म्हणजे सीएमव्ही, रक्तात वाढत असतो तेव्हा पेशंट अंगणात हिंडत असतो. विषाणू फुप्फुसात उतरून धाप लागली, की औषधही अनेकदा कमी पडतं. म्हणून दुसऱ्याचा मॅरो घेतलेल्यांचं रक्त पहिले १०० दिवस साधारण दर आठवड्याला तपासतात, काहींचं पुढेही. जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडंसं रक्त, त्यावर विषाणू मोजणारी पीसीआर चाचणी. आकडा चढू लागला की लक्षणांची वाट न बघता गॅन्सायक्लोव्हिर किंवा त्याच जातीची गोळी देतात. मग सगळ्यांना आधीच का देत नाहीत? कारण हे औषध नुकत्या रुजलेल्या मॅरोलाच दाबतं. १९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी देशातला पहिला बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट केला, तेव्हा ही पीसीआर चाचणी हाताशी नव्हतीच.

गैरसमज : गावच्या पाण्यातून, घरच्या जेवणातून विषाणू आला.
वस्तुस्थिती : भारतात बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीरात सीएमव्ही लहानपणापासूनच निजलेला असतो. २ जानेवारीला हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मानवंदना द्यायला सिद्धगडावर गर्दी होते. तिथे पेशंटने जाऊ नये, हे खरंच, फ्लू टळेल. सीएमव्ही मात्र प्रतिकारशक्ती दबली की घरच्या खाटेवरही जागा होतो. स्वयंपाक करणारीला बोल लावू नका.

गैरसमज : लघवी लाल झाली, उष्णता वाढली.
वस्तुस्थिती : ट्रान्सप्लान्टनंतर बीके नावाच्या दुसऱ्या विषाणूनेही मूत्राशयातून रक्त जातं. धणे-जिऱ्याच्या पाण्यावर दोन दिवस घालवू नका, फोन करा.

प्रवास झेपत नसेल तर नमुना जवळून पाठवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. लॅब मात्र दर वेळी एकच ठेवा. दोन लॅबचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.