पर्यावरण शिकवणाऱ्यांची शाळा

श्रोतेहो, गणित शिकवणारा गुरुजी स्वतः गणित शिकलेला असतो, भूगोल शिकवणारा भूगोल शिकलेला असतो. पण पर्यावरण शिकवणारा कुठं शिकलेला असतो? सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली आदेश दिला की शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरण हा विषय शिकवला गेला पाहिजे. पुस्तकं निघाली, वेळापत्रकात तास आला. तो तास मात्र बहुधा ज्याच्याकडे कमी तास असतील त्याच्या वाट्याला गेला. मराठीच्या बाई, इतिहासाचे सर, कधी खेळाचे शिक्षकसुद्धा पर्यावरणाचे शिक्षक झाले. यात त्यांचा दोष नाही. प्रश्न एवढाच, की या मंडळींना शिकवायचं कोणी, केव्हा आणि कसं?

अलीकडे या प्रश्नाला एक नवं उत्तर मिळालं आहे. ते म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम, मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरची शाळा. केंद्र सरकारचा 'स्वयम्' हा मंच 2017 साली सुरू झाला. त्याच वर्षी शिक्षकांसाठी 'दीक्षा' आली. पुढं 2020 मध्ये, साथीच्या दिवसांत शाळांना कुलपं होती तेव्हा, 'निष्ठा' नावाचं शिक्षक-प्रशिक्षण याच दीक्षेवरून देशभर दिलं गेलं. परदेशात अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठानं तर खास पर्यावरण-शिक्षकांसाठीच असे अभ्यासक्रम चालवले आहेत.

या शाळेची रचना समजून घेऊ. 'स्वयम्'वरच्या अभ्यासक्रमाचे चार भाग असतात. पहिला, चित्रफितीवरचं व्याख्यान. दुसरा, वाचायचा मजकूर. तिसरा, चर्चेची जागा, म्हणजे शंका लिहायची आणि इतरांच्या शंकांना उत्तरं द्यायची. चौथा, स्वतःची परीक्षा. व्याख्यान आपल्या सवडीनं ऐकता येतं, कळलं नाही तर पुन्हा ऐकता येतं. वर्गात "सर, पुन्हा सांगा" म्हणायला संकोच वाटणाऱ्याला ही केवढी सोय!

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीनं ही सोय लहान नाही. क्षेत्रफळानं हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. 2024 साली त्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण अंतरं काही कमी झाली नाहीत. अकोले तालुक्यात डोंगराकडेच्या शाळेतल्या बाई आणि जामखेडच्या टोकावरचे गुरुजी यांना एका दिवसाच्या शिबिरासाठी नगरला बोलवायचं, तर सगळा दिवस एस.टी.तच जातो. पडद्यावर ते दोघे एका वर्गात बसू शकतात. तसे बसले तर गंमत अशी, की एकाकडे घाटघरचा धो धो पाऊस आणि दुसऱ्याकडे पावसाची वाट पाहणारं शिवार. एकाच जिल्ह्याच्या या दोन तऱ्हा एकमेकांना सांगणं, हाच अर्धा धडा झाला.

आता कोणी म्हणेल, हे फार नवलाईचं आहे. पण तसं नाही. दुरून शिकण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच भागात होऊन गेला आहे, आणि तोही याच आकाशवाणीवरून. 1956 साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या साहाय्यानं शेतकऱ्यांची रेडिओ-मंडळं चालवली. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली दीडशे गावं त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम लागे. गावातली पंधरा-वीस माणसं एकत्र बसून तो ऐकत, मग त्यावर बोलत, आणि आपल्या गावात काय करता येईल ते ठरवत. मंडळाच्या शंका केंद्राकडे लिहून जात. पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञानं मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनं या प्रयोगाची पाहणी केली. त्यात असं आढळलं, की जिथं मंडळ होतं तिथं लोकांच्या ज्ञानात चांगली भर पडली, आणि जिथं नुसता रेडिओ होता तिथं फारशी पडली नाही.

श्रोतेहो, यंत्र दोन्हीकडे तेच होतं, आवाजही तोच होता. फरक पडला तो यंत्राभोवती बसलेल्या माणसांमुळे. पडद्यावरच्या शाळेचं यश-अपयश याच एका गोष्टीवर ठरणार आहे. एकट्यानं खोलीत बसून चित्रफीत संपवायची, पाच प्रश्नांवर बोट टेकवायचं आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं, अशीही एक रीत पडू पाहते आहे. प्रमाणपत्राला माझा विरोध नाही, नोकरदाराला ते लागतंच. पण त्या कागदानं शाळेमागच्या ओढ्याला पाणी येत नाही.

1977 साली जॉर्जियातल्या तिबिलिसी या शहरी जगातले देश पर्यावरण-शिक्षणाचा विचार करायला जमले होते. त्यांनी या शिक्षणाची पाच उद्दिष्टं ठरवली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. यांतली पहिली दोन पडदा उत्तम रीतीनं देतो. जमिनीखाली पाणी कसं मुरतं हे हलत्या चित्रात जेवढं स्पष्ट दिसतं, तेवढं फळ्यावर दाखवणं अवघड. पण कौशल्य हाताला लागतं आणि सहभाग गावात घडतो. उतारावर समपातळी रेषा आखायची, तर तीन काठ्यांची ए-फ्रेम आणि तिला टांगलेला ओळंबा घेऊन उतारावर उभं राहावं लागतं.

हे ज्यांनी ओळखलं, अशी माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत. 1993 साली फादर हर्मन बाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' ही संस्था काढली. तिचं प्रशिक्षण केंद्र कुठं, तर संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीला, प्रत्यक्ष पाणलोटाच्या कुशीत. ज्या उतारावर काम झालं तोच तिथला फळा. हिवरे बाजारचं उदाहरणही तसंच. पोपटराव पवार 1989 नंतर सरपंच झाले, आणि चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान अशा नियमांवर ते गाव उभं राहिलं. पण पर्यावरण-शिक्षकानं तिथून उचलावी अशी गोष्ट आहे ती पाण्याच्या ताळेबंदाची. पाऊस मोजायचा, किती पाणी हाती आहे ते ग्रामसभेत मांडायचं, आणि मग कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. उसासारखी तहानलेली पिकं नकोत, शेतीसाठी विंधनविहीर नको, हे निर्णय त्या हिशेबातून टिकले. भाषण लोक विसरतात. आपण स्वतः मोजलेला आकडा सहसा विसरत नाहीत.

हा हिशेब कोणत्याही शाळेला जमेल. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला, म्हणजे बरोबर एक लिटर पाणी झालं. समजा, शाळेचं छप्पर वीस मीटर लांब आणि सहा मीटर रुंद आहे. म्हणजे 120 चौरस मीटर. वर्षाचा पाऊस 400 मिलिमीटर धरला, तर छपरावर 48,000 लिटर पाणी पडतं. चौथा हिस्सा वाया गेला असं समजा, तरी 36,000 लिटर उरतं. शाळेत साठ मुलं असतील आणि प्रत्येकाला दिवसाला दोन लिटर प्यायला लागलं, तर रोजचे 120 लिटर. म्हणजे हे पाणी 300 दिवस पुरेल! शाळा काही वर्षाचे 300 दिवस भरत नाही. अर्थात हे पाणी साठवायला टाकी हवी, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायला हवं, गाळणंही हवं. पण ज्या मुलानं हे गणित स्वतः केलं, ते मूल उन्हाळ्यात टँकरपुढं हंडा घेऊन उभं राहील तेव्हा प्रश्न विचारील. तो प्रश्न विचारला जावा म्हणून तर ही सगळी खटपट.

तेव्हा अभ्यासक्रम निवडताना शिक्षकांनी तीन गोष्टी पाहाव्यात असं मला वाटतं. एक, त्यात बाहेर जाऊन करायचं काम आहे का? पाऊस मोजा, विहिरीची पातळी दर पंधरवड्याला दोरीनं बघा, गावातल्या जुन्या झाडांची यादी करा, असं काही. दोन, ते काम पाहून दोन शब्द लिहिणारा माणूस पलीकडे आहे का, की नुसतं यंत्र गुण देतं? आणि तीन, भाषा. मुळा-प्रवरेच्या काठचा गुरुजी गाळपेर, पाणलोट, चोपण जमीन हे शब्द जाणतो. त्याला इंग्रजी व्याख्यान ऐकवून त्याच्याच शिवाराबद्दल अडाणी ठरवण्यात काय अर्थ? नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून मराठीतून दूरशिक्षण देत आहे. म्हणजे आपल्या भाषेत हे जमत नाही, असं म्हणायला जागा नाही.

आणि चौथी गोष्ट निवडण्याची नसून करण्याची आहे. अभ्यासक्रमाला एकट्यानं बसू नका. केंद्रशाळेतल्या चार-पाच शिक्षकांनी मिळून नाव नोंदवावं. एखाद्या अंगणवाडीच्या ताईला, ग्रामसेवकाला, पाण्याचं काम केलेल्या एखाद्या शेतकऱ्यालाही बरोबर घ्यावं, कारण गावात पर्यावरण शिकवणारे तेही आहेतच. शनिवारची शाळा सुटली की तासभर एकत्र बसावं. एकाच मोबाइलवर धडा ऐकावा आणि मग उठून ओढ्यावर जावं. 1956 साली आपल्या शेतकऱ्यांनी एका रेडिओभोवती बसून हेच केलं होतं. त्यांतल्या पुष्कळांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आपण तर शिकलेली माणसं आहोत.