रेशनचे पामतेल आणि घरची जवसाची चटणी

2023 साली गुढीपाडवा आणि बाबासाहेबांची जयंती या निमित्ताने रेशन दुकानावर 100 रुपयांत 'आनंदाचा शिधा' मिळाला. एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. शिधा संपला, पण पामतेल वस्तीतल्या बहुतेक घरांत त्याआधीही होते आणि आजही आहे, कारण ते स्वस्त पडते. ते खावे की नाही, हा प्रश्न म्हणून खरा आहे.

कोणतेही तेल, तूप किंवा चरबी ही मेदाम्लांची बनलेली असते. डॉक्टर त्यांना फॅटी अ‍ॅसिड म्हणतात. ढोबळ ओळख अशी की, जे थंडीत गोठते त्यात संपृक्त मेदाम्ले जास्त, जे पातळच राहते त्यात असंपृक्त जास्त. हिवाळ्यात पामतेलाची पिशवी ढगाळ होऊन तळाशी घट्ट होते ती यामुळेच. पामतेलात जवळपास निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात. शेंगदाणा तेलात साधारण पाचवा हिस्सा, सोयाबीनमध्ये 15 टक्क्यांच्या आसपास, करडई आणि सूर्यफुलात 10 टक्क्यांच्या आसपास.

संपृक्त चरबीने नेमके होते काय? आपले यकृत रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल सतत उचलून घेत असते. संपृक्त चरबी जास्त झाली की ही उचल मंदावते, कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहते आणि वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचते. त्याच्या जागी करडई, सोयाबीनसारखे तेल आले की उचल पुन्हा वाढते. या तेलांतले लिनोलेइक आम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही. ते रक्तात आढळते ते फक्त खाण्यातून आलेले असते.

उलट, संपृक्त मेदाम्ले शरीर साखरेपासून आणि दारूपासूनही बनवते. ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. डॉक्टरांनी सांगितले म्हणून भाजीतले तेल कमी केले, पण दिवसातून पाच वेळा गोड चहा आणि सोबत मैद्याचा टोस्ट चालूच ठेवला, तर फायदा हाती लागत नाही.

सगळ्यांत वाईट ट्रान्स चरबी. वनस्पती तूप, ज्याला आपण सगळे डालडाच म्हणतो, ते तेल घट्ट करून बनवतात, आणि ते करताना ही चरबी तयार होते. ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमी करते. जानेवारी 2022 पासून तेल-तुपातली तिची मर्यादा कायद्याने 2 टक्क्यांवर आणली आहे. पाकीटबंद मालाला हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो, पण सुट्या मालावर आणि नाक्यावरच्या खारीवर कोण लक्ष ठेवणार? तीच गत वड्याच्या कढईची. काळे पडलेले, फेस येणारे तेल पुन्हा तापवू नये, मग ते टपरीवरचे असो की जयंतीच्या भोजनदानातून उरलेले. उरलेले तेल डब्यात भरून कुणाच्या घरी देणे ही मदत नव्हे, असे आम्हाला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

मग पामतेल? घरात आलेच तर फेकू नका. फोडणीपुरते वापरा, तळणासाठी नको, आणि पुढचा महिना शेंगदाणा किंवा सोयाबीन आणा. आलटून पालटून तेल वापरणे चांगलेच. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला अडीच-तीन लिटर पुरे. बिगारी, हमाली, अंगमेहनतीचे काम करणाऱ्याला थोडे जास्त लागते.

राहिले ओमेगा-3. हे मेदाम्लही बाहेरूनच घ्यावे लागते, आणि आपल्या रोजच्या तेलांत ते फार कमी. सोयाबीनमध्ये थोडे आहे. भरपूर आहे ते जवसात, जे विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या आज्यांना नवे नव्हते. शहरात आलो आणि पाट्यावरची ती चटणी मागे राहिली. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, लसूण, लाल मिरची, मीठ घालून कुटा. अख्खे जवस पचत नाही, तसेच बाहेर पडते, म्हणून कुटणे महत्त्वाचे. दोन छोटे चमचे कूट रोज पोटात गेले तर दिवसाची गरज जवळपास भागते. एका वेळी आठवडाभराचीच चटणी करा, नाहीतर खवट होते.

जवसातल्या ओमेगा-3 चे हृदयाला आणि मेंदूला हवे ते रूप शरीर थोडेच बनवते. ते तयार मिळते मासळीत. महागडी सुरमईच हवी असे नाही, तारली आणि बांगडा त्याहून सरस. सुका बोंबील प्रथिनांसाठी उत्तम, पण त्यात चरबीच कमी, म्हणून ओमेगा-3 साठी त्याच्यावर विसंबू नये. आणि बांगडा पामतेलात बुडवून तळला तर काय मिळवले? कालवण करा.

रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्यांच्या आवरणात आपण खाल्लेली मेदाम्लेच बसतात. त्यामुळे आज स्वयंपाकघरात केलेला बदल पेशींत पुरता उतरायला तीन-चार महिने लागतात. तपासणीत आधीच कोलेस्टेरॉल जास्त निघाले असेल तर या काळात डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका. दोन वर्षांखालच्या बाळाचे तेल-तूप मात्र मुळीच तोडू नका, त्याचा मेंदू अजून घडतो आहे.