शेतकऱ्यांच्या पोरांचं घर

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आसपास दारांवर ग्रीक अक्षरं लावलेली मोठी घरं असतात. ती फ्रॅटर्निटींची. विद्यार्थी तिथे एकत्र राहतात, नवे सदस्य स्वतःच निवडतात आणि पदवीनंतरही एकमेकांना धरून असतात. त्यांतल्या एका संघटनेने मात्र ग्रीक नाव घेतलंच नाही. ती सरळ ‘फार्महाऊस’ झाली.

१८६२च्या मॉरिल कायद्याने राज्यांना शेतकी आणि यांत्रिक शिक्षणासाठी सरकारी जमिनी मिळाल्या. कॉलेजं निघाली, गावाकडची मुलं आली. ती राहणार कुठे, त्यांची ऊठबस कोणाशी, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. मिसूरी विद्यापीठातल्या सात शेतकी विद्यार्थ्यांनी ते शोधलं. वायएमसीएच्या बायबल वर्गात ओळख झालेल्या या मुलांनी १५ एप्रिल १९०५ रोजी फार्महाऊस ही संघटना स्थापली आणि भाड्याचं घर घेतलं. ओहायोत १९०४ साली निघालेली ‘अल्फा गॅमा ऱ्हो’ ही आणखी एक शेतकी फ्रॅटर्निटी. १९०८ मध्ये इलिनॉयची ‘डेल्टा ऱ्हो सिग्मा’ तिच्यात मिसळली. ती आकाराने मोठी झाली, पण मला ओढ लागली ती मिसूरीच्या सात जणांची.

त्यातही डी. हॉवर्ड डोन यांची. शेतकऱ्याने पीक कसं काढावं हे शिकवणारे पुष्कळ होते. शेताचा हिशेब कसा मांडावा, हा डोन यांचा विषय. १९१९ साली सेंट लुईसला त्यांनी दुसऱ्यांच्या शेतांची व्यवस्था पाहणारी कंपनी काढली. कच्चा माल विकून मोकळं होण्यापेक्षा प्रक्रियेतला नफाही शेतकऱ्याने स्वतःकडे ठेवावा, असं त्यांनी १९५०च्या पुस्तकात मांडलं. आपल्याकडे त्याच सुमारास प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. जगाच्या दोन टोकांना माणसं एकाच दुखण्यावर हात ठेवत होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

बाकीचेही काही कमी नव्हते. क्लॉड हचिसन कॅलिफोर्निया विद्यापीठात शेतकी शाखेचे डीन झाले, नंतर बर्कलीचे महापौर. हेन्री रस्क इलिनॉयमध्ये डीन झाले. हेन्री क्रुसेकॉफ यांनी मिसूरीच्या मातीचा अभ्यास केला. एका घरात इतकी गुणी माणसं निपजली, याचं श्रेय मी सोबतीला देतो. ज्याच्या घरी गाई आहेत त्याला गाईंबद्दल बोलताना संकोचावं लागू नये, एवढी सोय त्या घराने केली.

काळजी वाटते ती पुढची. १९०० साली अमेरिकेतले दहातले चार कामकरी शेतीत होते. आज शंभरात दोनही नाहीत. मग शेतकऱ्यांच्या पोरांसाठी बांधलेल्या घरात राहायला येणार कोण? आता इतर शाखांची मुलंही घेतली जातात. मुलींचा प्रश्न आणखी अवघड. कित्येक शेतकी कॉलेजांत आज मुली निम्म्याहून जास्त आहेत, पण फार्महाऊसचं दार त्यांना उघडलं नाही. १९८४ साली त्यांच्यासाठी ‘सेरीस’ ही वेगळी संघटना निघाली. मला हे अर्धवट उत्तर वाटतं. डोन यांचा हिशेब शिकायची गरज शेती सांभाळणाऱ्या मुलीलाही तितकीच आहे.

दारूबंद घर हा फार्महाऊसचा मोठा अभिमान. तरी २०१४ साली नेब्रास्कात, घराबाहेरच्या पार्टीनंतर, पहिल्या वर्षाचा एक मुलगा दारूने दगावला. विद्यापीठाने शाखा निलंबित केली आणि काही सदस्यांवर खटले भरले गेले. घरातल्या नियमाची हद्द उंबऱ्यापाशी संपत होती. आणि तो मुलगा ज्या सोबतीच्या भरवशावर तिथे आला होता, ती त्या रात्री त्याच्या आजूबाजूलाच होती.