पावसाळा आणि घरातील हत्यारे

माळव्याच्या पठारावर वसलेल्या इंदुरात उन्हाळा कितीही कोरडा असला, तरी जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला की आर्द्रतेचा अंमल घराच्या कोनाकोपऱ्यांत बसतो, आणि पटाशा, रंधे, करवती यांच्या पात्यांवर तांबूस डाग उमटू लागतात.

लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांच्या संयोगातून गंज उत्पन्न होतो; सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या पुढे गेली, म्हणजे धातूवर पाण्याचा अदृश्य पापुद्रा साचतो आणि घामातील क्षार त्या क्रियेस अधिकच चालना देतात. पवारांच्या एकेकाळच्या राजधानीत, जवळच्याच धार येथे, लाट मशिदीच्या आवारातील भग्न लोहस्तंभ शतकानुशतके पाऊस सोसून टिकला, याचे श्रेय त्या लोखंडातील फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर धरलेल्या संरक्षक थराला दिले जाते; आपल्या हत्यारांच्या पोलादास तो गुण नसल्याने तसे आवरण आपणच चढविले पाहिजे.

त्याची तजवीज सोपी आहे. काम संपताच हत्यार कोरड्या फडक्याने पुसून त्यावर शिलाई यंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. खाद्यतेल कालांतराने चिकट होऊन धूळ धरते, म्हणून ते वर्ज्य समजावे. जी हत्यारे दीर्घकाळ लागणार नाहीत त्यांना मेण चोळावे, आणि ओल धरणाऱ्या भिंतीपासून ती दूर ठेवावीत. डाग दिसलाच, तर बारीक पॉलिशपेपरने तो तत्काळ काढावा.

खंडेनवमीस हत्यारे पुजण्याचा आपला दस्तूर उत्तमच. परंतु तोवर पावसाळा सरत आलेला असतो, म्हणून खरी निगा मृगापूर्वीच, हयगय न करता, घेतली पाहिजे.