मुंबई ते तेल अवीव : अंतर तेच, वेळ वेगळी

मुलांनो, मुंबई ते तेल अवीव हे सरळ हवाई अंतर सुमारे ४,०५० किलोमीटर आहे. विमान ताशी ८५० किलोमीटर वेगाने उडाले, तर पाच तासांच्या आत पोहोचायला हवे. मग आजी-आजोबा "आम्हांला आठ तास लागायचे" असे का सांगतात?

कारण वाट सरळ नव्हती. मध्ये ओमान आणि सौदी अरेबिया. त्यांच्या आकाशातून इस्राएलच्या विमानांना जाता येत नसे. म्हणून ती एडनचे आखात आणि तांबडा समुद्र यांवरून, अरबस्तानाला वळसा घालून जात.

२२ मार्च २०१८ रोजी दिल्लीहून निघालेले एअर इंडियाचे विमान सौदीवरून तेल अवीवला उतरले. इस्राएली विमानांना मात्र थांबावे लागले. सौदीने जुलै २०२२ मध्ये आणि ओमानने फेब्रुवारी २०२३ मध्ये आकाश खुले केले, तेव्हा सुमारे दोन तास वाचले.

दोन तास म्हणजे काय, ते मोठ्यांना विचारा. आपल्यात दफनाला उशीर करत नाहीत. तिकडे कोणी जवळचे वारले, तर तेवढ्या वेळाने शेवटचे दर्शन मिळते किंवा हुकते.

आता घड्याळ. भारत आपल्यापुढे उन्हाळ्यात अडीच तास, हिवाळ्यात साडेतीन तास असतो. जुलैत मुंबईहून सकाळी ६ वाजता निघालेले विमान सहा तासांनी उतरले, तर इथे वाजतील साडेनऊ.

हेच गणित जानेवारीसाठी करा, आणि उत्तर आजीला मराठीत समजावून सांगा.