औषधाचा कागद मराठीत हवा

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली. २०१८ पासून ‘आयुष्मान भारत’ आहेच. पण या योजना मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांपुरत्या. रक्तदाबाची रोजची गोळी अनेकांना पदरमोड करून घ्यावी लागते. ‘आयुष्मान’मध्ये घरी सोडल्यावर १५ दिवसांची औषधे मोफत आहेत. मात्र हातात पडणारा कागद कन्नड वा इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेली आमची वडीलधारी माणसे तो घेऊन थेट औषध दुकान गाठतात आणि हक्काचे औषध विकत घेतात.

दुकानदारांना आमची विनंती आहे, आधी कागद वाचा. मुदत उरली असेल तर रुग्णाला परत रुग्णालयात पाठवा. रोजच्या गोळीसाठी जनऔषधी केंद्र दाखवा. कार्यकर्त्यांनी हे नियम मराठीत लिहून प्रत्येक दुकानात द्यावेत. भाषेचा लढा अशा कागदांसाठीही आहे.